डोंगराखालची माती

देवळाली प्रवरा
मंगळवार, दुपार

अहो,

बघून आले.

"जाऊन ये, आणि काय ते मला कळव," म्हणाला होतात. कळवायचं कुठे ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही. म्हणून हे पत्र. मुंबईहून येऊन आज नववा दिवस. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुम्ही दिलेल्या कामातलं अर्धंच झालं होतं. उरलेलं अर्धं काल झालं.

याआधी आयुष्यात तुम्हाला मी एकच पत्र लिहिलंय. तुम्ही पुण्याला ड्रॉइंगच्या कोर्सला होता आणि इकडे म्हैस व्याली, तेव्हा. तुम्ही उलट टपाली रेडकाचं चित्र पाठवलंत, कपाळावर पांढरा चांद असलेलं. आपलं रेडकू तर काळंकुट्ट होतं! न बघता रंग भरायची या माणसाला खोडच आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रागावू नका. आणि रागावलात तरी मला आता कळायचं नाही.

खरं सांगू का? मला काहीच होत नाही हो. तुम्ही गेलात त्या दिवसापासून रडू आलेलं नाही. बायका शेजारी बसून गळा काढायच्या आणि मी त्यांच्या चहात साखर पडली की नाही ते बघत असायची. तेराव्याला आचाऱ्याला मीच सांगितलं, डाळ कमी पडेल, अजून टाका. भाकरी खाते, पण आळणी की खारट ते कळत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "मोकळी हो गं बाई, आतल्या आत कोंडू नगंस." मी म्हटलं, आत काही असलं तर कोंडेन ना!

लोकांना वाटतं मास्तरीणबाई धीराची आहे. वाटू दे.

पेपरातलं ते कात्रण तुमच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं, रंगांच्या बाटल्यांखाली. मुंबईच्या म्युझियममध्ये तुमच्या त्या फ्रेंच चित्रकाराच्या जन्मभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार, एवढंच चार ओळींत होतं. त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. तुम्ही तरी कुठे धड म्हणायचात? दर वेळी निराळं! मी आपली त्याला तुमचा डोंगरवाला म्हणायची. तुम्ही रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होतात, खाली सही करून. सहीत नेहमीसारखी पानभर वेलांटी.

आणि मग तुम्ही झोपलात ते नगरच्या दवाखान्यातच.

मी मुंबईला जाते म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखाल. जाऊबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तेरावा होऊन चार दिस न्हाई झाले, अन् चित्रं बघाया निघाली? लोक तोंडात शेन घालत्याल." मी म्हटलं, मास्तरांनी सांगितलंय. तशा त्या उठल्या आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसल्या. चार भाकरी, लसणाचा ठेचा, आणि फडक्याची गाठ अशी घट्ट की मुंबईत सुमनने ती दातांनी सोडली. सुमन म्हणजे माझी बहीण, तुमची लाडकी मेहुणी. ती लालबागला असते म्हणून माझं निभावलं. श्रीरामपूरच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "किती जनं?" मी म्हटलं, दोन. मग म्हटलं, एक.

आता मूळ गोष्ट. तुम्हाला ती ठाऊक आहे, पण एकदा मला माझ्या बाजूने सांगू द्या. हयातीत तुम्ही कुठे सांगू दिलंत? विषय निघाला की उठून ब्रश धुवायला जायचात.

जुन्या बाजारातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतंत. त्यात पानभर छापलेला डोंगर, काळापांढरा. डोंगराच्या पायथ्याला नांगरट, पुढे एक वाकडं झाड. तुम्ही त्या पानावर पेन्सिलीने चौकोन पाडलेत, मोठ्या कापडावर दोरी ताणून तसेच चौकोन पाडलेत, आणि दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून एकेका चौकोनाने तो डोंगर उतरवलात. रंग पुस्तकात नव्हतेच. ते तुम्ही मनाने भरलेत. डोंगर छपाईत फिकट होता, म्हणून आपल्या नगरच्या डोंगरासारखा भुरा केलात. नांगरट गडद होती, म्हणून ती काळी केलीत. गडद नांगरट म्हणजे काळी, यात विचार तो काय करायचा? प्रवरेच्या काठावरच्या कुणालाही हेच सुचलं असतं. मलाही हेच सुचलं असतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ते चित्र हॉलमध्ये लावलं, ते अजून तिथेच आहे. तुम्ही नवा सदरा घातला होतात. तुमचे दादा वस्तीवरून धुतलेला फेटा बांधून आले होते. चित्राजवळ गेले, नाक लावून बघितलं, आणि चार लोकांत, हेडमास्तरांच्या देखत, म्हणाले, "झ्याक काढलंयस, मास्तर. पर ह्ये झाड काळीतलं न्हाई. मुरमाड तांबडीतलं झाड हाय ह्ये, त्याची वाढच सांगती. माती चुकली तुजी."

लोक हसले. हेडमास्तरही हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "शेतकऱ्याचं पोर अन् माती वळखंना!"

एवढंच झालं होतं हो. एवढंच! त्यावर तुम्ही सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलला नाहीत. जमिनीचा तंटा नाही, वाटणीचा नाही, बांधाचा नाही. फ्रान्समधल्या कुठल्या तरी डोंगराखालची माती काळी की तांबडी, यावरून! अख्ख्या तालुक्यात असा अबोला कोणी धरला नसेल. आणि त्यांच्या रानातला हुरडा जाऊबाईंनी पाठवला की गुपचूप खायचात. मी बघत नाही असं वाटायचं तुम्हाला.

मी दोन वेळा बोलून बघितलं. एकदा तुम्ही म्हणालात, "तुला चित्रातलं काय कळतं?" ते मला फार लागलं. मग मी तो विषयच सोडला. सोडायला नको होता.

आणि दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी, तुम्ही आपण होऊन तोंड उघडलंत. मी तुमच्या पायांना तेल चोळत होते. "प्रदर्शनाला तू जा," म्हणालात. "तो डोंगर असेल तिथे. खरा. माती बघ, आणि काय ते मला कळव. दादा म्हणतो तशी निघाली तर त्याला जाऊन सांग. मला जमायचं नाही." मी म्हटलं, बरे व्हा आणि तुम्हीच सांगा. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

म्युझियमच्या दारात सुमन म्हणाली, "ताई, मी बाहेर बसते, मला त्यातलं काही कळत नाही." म्हणजे आत मी एकटीच गेले. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. शहरातली मंडळी हळू बोलत, पावलं न वाजवता चालत होती. मला वाटलं, हेही माझ्यासारखेच भेटायला आलेत की काय.

एका माणसाची एवढी चित्रं! तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत खोल्यांमागून खोल्या. नुसती सफरचंदंच किती. पत्ते खेळणारे शेतकरी होते, डोक्यावर हॅट, पण बसणं अगदी आपल्या पारावरच्या माणसांसारखं. एका खोलीत नदीवर अंघोळ करणाऱ्या बाया निघाल्या, अंगावर सूत नाही! मी पदर सावरून तिथून जी सुटले ती पुढच्या खोलीत. हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. पुस्तकातली ती पानं तुम्ही चिकटवून का ठेवली होती, ते आता कळलं.

शेवटून दुसऱ्या खोलीत डोंगर होते. एक नाही, भिंतभर. तोच डोंगर, तोच, पुन्हा तोच. मनात आलं, याच्या बायकोने याला कधी काही म्हटलं नसेल का? की बाबा, दुसरं काही दिसतच नाही का तुला? आणि त्यांत आपला होता. वाकडं झाड पुढे, नांगरट पायथ्याला. आपल्याहून लहान आहे हो तो. तुमचा केवढा मोठा झालाय.

डोंगर निळा आहे. नीळ घातलेल्या धोतरासारखा फिकट निळा.

आणि माती तांबडी.

तुम्ही चुकलात. दोन्ही ठिकाणी चुकलात. मी तिथे उभी राहिले आणि वाट बघत राहिले, की आता काहीतरी होईल. पायांतलं बळ जाईल, डोळे भरतील, निदान तुमचा राग तरी येईल. काही झालं नाही. तांबडी आहे, एवढंच मनात आलं. बाजारात मिरची बघावी तशी मी ती माती बघत होते.

खूप वेळ हलले नाही म्हणून तिथला पहारेकरी जवळ आला. खाकी कपडे, मिशा पिकलेल्या. "बाई, चक्कर आली का?" बोलण्यावरून ओळखला, आपल्याकडचा. पारनेरचा निघाला. मी त्याला विचारलं, ही माती तुम्हाला कोणत्या रंगाची दिसते? त्याने माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. "तांबडी. आमच्याकडं हाय की अशी, मुरमाड. बाजरी बी कशीबशी येती." काळी नाही ना? "काळी? न्हाई बा. मी दिसभर ह्येच्याफुडं उभा ऱ्हातो. काळी असती तर दिसली नसती का?"

म्हणजे दोघांनी बघितली. आता शंका नाही.

मग ते छपाईत गडद का आलं? ते मला तिथेच उमगलं, आणि ते कळवते, म्हणजे तुमच्या जिवाला थोडं बरं वाटेल. आपल्या लग्नाचा फोटो आठवतो ना? त्यात माझं कुंकू काळं आलंय. मी केवढी रुसले होते! तेव्हा तो फोटोवाला म्हणाला होता, "वहिनी, लाल रंग फोटोत काळाच उतरतो, आणि निळा पांढरा पडतो. यंत्रच तसं आहे." तसंच झालं बघा. त्या पानावर तांबडी माती काळी उतरली आणि निळा डोंगर फिकट पडला. तो फोटो आपल्या भिंतीवर जन्मभर आहे. तुम्ही रोज त्याच्याखाली बसून जेवलात, आणि तुमच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिथे काही नव्हतं. हात खाली घेतला आणि बाहेर आले.

सुमनने विचारलं, "कसं होतं?" मी म्हटलं, छान होतं.

घरी आल्यावर सात दिवस मी दादांकडे गेले नाही. काम नव्हतं असं नाही. तुमच्या दादांच्या समोर उभी राहून मी कधी बोललेय का? लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडात मूग. काही निरोप असला तर जाऊबाईंकडून. आणि हा निरोप जाऊबाईंकडून धाडण्यासारखा नव्हता. शिवाय मला वाटायचं, हे ऐकून ते हसतील. मिशीला पीळ देतील. म्हणतील, बघा, मी म्हनलो हुतो! तसे ते हसले असते, तर मला आयुष्यात पुन्हा त्यांचं तोंड बघवलं नसतं. त्याचीच भीती होती.

काल गेले. पाट कोरडा पडलाय. दोन पावसाळे हुकले, आता वस्तीपर्यंत हिरवं पान दिसत नाही. जाऊबाई गुरं घेऊन चारा छावणीवर. तुमचे दादा एकटेच विहिरीच्या दगडी थारोळ्यावर बसले होते. विहिरीत पाणी नाही, तरी बसले होते. मी लिंबाखाली लांबच उभी राहिले, पदर पुढे ओढला आणि म्हटलं, भाऊजी, मुंबईला जाऊन आले.

"कळलं," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

"ती माती तांबडी आहे. तुम्ही म्हणाला होता तशीच."

ते कोरड्या विहिरीतच बघत राहिले.

"त्यांनीच सांगितलं होतं, बघून ये म्हणून. दादा खरा निघाला तर त्याला जाऊन सांग, म्हणाले."

"त्यो म्हनला असं?"

"हो. दवाखान्यात."

हसले नाहीत हो. फेटा काढून मांडीवर ठेवला. डोकं सगळं पांढरं झालंय त्यांचं, मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "आता खरा ठरून मी काय करू, मास्तरीनबाई? कुनाला सांगू?"

तेव्हा मी ते सांगितलं, जे तुम्हालाही सांगितलेलं नाही. आज सांगते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी सकाळपासून भाऊजी बाहेरच्या बाकावर बसून होते. मी पाणी आणायला गेले तेव्हा बघितलं. तीन वेळा बघितलं. आत येऊन तुम्हाला म्हटलं नाही, की दादा आलेत, बोलावू का? मला वाटलं, येतील आपले ते. आणि खरं सांगायचं तर मनात असंही आलं, की अकरा वर्षं मी सोसलंय, आता यांचं हे बघून घेतील. संध्याकाळी तुम्ही गेलात. ते आत आले ते खांदा द्यायला.

मी भाऊजींना म्हटलं, माझं चुकलं. मी त्यांना सांगायला हवं होतं.

"तुमचं कशापायी?" म्हणाले. "मला पाय हुते की. मी का उठलो न्हाई?"

मी निघणार, तेवढ्यात ते मातीकडे बघत बोलायला लागले. तुम्ही सुट्टीत घमेलं घेऊन त्यांच्या रानात यायचात म्हणे. कुंडीत घालायला माती पाहिजे, असं सांगून न्यायचात. "तुमच्या दारात कवा कुंडी हुती का?" त्यांनी मला विचारलं. नव्हती. कधीच नव्हती. तुम्ही ती माती वस्त्रगाळ करून, डिंकात कालवून त्या डोंगराखाली भरलीत! आणि मला पत्ता नाही! मी समजत होते, बाटलीतला रंग आहे.

"चित्राजवळ गेलो अन् वळखली," भाऊजी म्हणाले. "आपली माती, वळखंना व्हय? बापाच्या रानात एक दिस नांगर धरला न्हाई ह्येनं, अन् माती नेली ती परक्याच्या डोंगराखाली घालाया. माजं डोकंच फिरलं. झाडाचं आपलं निमित्त. म्हनून चार लोकांत बोललो त्याला." मग म्हणाले, "घरी आलो अन् हिला म्हनलं, त्यानं रान सोडलं न्हाई गं. सोबत नेलंय. ते त्याला सांगायचं हुतं मला. रोज सांगायचं हुतं."

आणि तुमचे दादा रडले. लहान मुलासारखे, तोंड फेट्यात घालून, आवाज करून. मी लिंबाखाली उभी होते, तशीच बघत राहिले. मला तेव्हाही काही झालं नाही. फक्त पदर डोक्यावरून खाली आला होता, तो मी सारखा केला नाही.

मग डोळे पुसून म्हणाले, "शाळंत सांगितलं का कुनाला, माती तांबडी हाय म्हनून?" मी म्हटलं, नाही, तुम्हालाच. "मग नगा सांगू. कुनी पुसून तांबडी करंल. तिकडची असंल तांबडी. ही आपली हाय."

मी कबूल झाले. तुमच्या परवानगीवाचून झाले, तेवढं चालवून घ्या.

निघाले तर मागून हाक आली. "मास्तरीनबाई, आयतवारी येऊ का घरला?" अकरा वर्षांत आपल्या उंबऱ्याच्या आत ते फक्त तुम्हाला न्यायला आले होते. मी म्हटलं, या.

अहो, एवढा शब्द देते तुम्हाला. रविवारी ते येतील, आणि सवयीने बाहेर ओट्यावरच बसतील, मला ठाऊक आहे. मी उठेन, दारात जाईन, आणि त्यांना आत बोलावीन.

तुमची,
सरू